दाजींच्या वायूच्या टँकरमधून बावडा ते कुडाळ

लोक कोकणात आंबे खायला आणि समुद्र बघायला जातात. मला आक्कानं हेरगिरीला धाडलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कसबा बावड्यात आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, टँकर चालवतात. टँकर पांढराशुभ्र, लांबून बघितला तर दुधाचा वाटावा असा. पण त्यात असतो कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो वायू, गार करून आणि दाबून पाण्यासारखा पातळ केलेला.

हा येतो कुठून, तर आपल्याच उसातून. उसाच्या मळीपासून अल्कोहोल करताना मोठमोठ्या हौदांत मळी आंबते आणि हा वायू बुडबुडत वर येतो. पूर्वी तो सरळ हवेत जायचा. जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीशेजारी आता छोटा प्लँट उभा राहिलाय. तिथं तो वायू पकडतात, धुतात, सुकवतात, पातळ करतात आणि टँकरने साठवणुकीच्या टाक्यांपर्यंत पोचवतात. हे पोचवण्याचं काम दाजी सात वर्षं करतायत आणि त्यांना ते जिवापाड आवडतं.

आक्काला ते अजिबात आवडत नाही. टीव्हीवर कुठला तरी गॅसचा टँकर जळताना तिनं बघितला आणि त्या दिवसापासून दाजी गाडीवर गेले की तिच्या घशाखाली घास उतरेना. दाजींनी सांगून बघितलं, "अगं, ह्यो गॅस पेटत न्हाय, उलट आग इझवतोय." आक्का म्हणाली, "मग टाकीवर धोक्याची पाटी कशाला रंगवलीया?" दाजींकडे त्याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि आक्काला लांबलचक उत्तरं चालत नाहीत.

त्यात गेल्या एप्रिलात बावड्यातल्या एका शाळेनं दाजींना बस चालवायला बोलावलं. सकाळी पोरं सोडायची, संध्याकाळी आणायची, दुपारचं जेवण घरी. आक्का हरखली, दाजींना ते पटेना. शेवटी तोडगा निघाला की एका खेपेला मी बरोबर जायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि येऊन सांगायचं. धोक्याचं आहे म्हणालो तर दाजी टँकर सोडणार, नाही म्हणालो तर आक्का पुन्हा तो विषय काढणार नाही. "पावणं म्हणतील तसं," दाजींनी शब्द दिला. पावणं म्हणजे मी. बावीस वर्षं दूध संकलनात सुपरवायझर आहे. जिभेवर थेंब ठेवून दुधात पाणी किती ते सांगतो, म्हणून आक्काला वाटतं की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कॉमेंटमध्ये विचाराल. अशा टँकरमधून हौसेनं जाता येत नाही. दाजींचा जोडीदार लग्नासाठी रजेवर होता, नियमाने गाडीवर दोघं लागतात, म्हणून प्लँटवाल्यांनी सही घेऊन मला चढू दिलं. तुम्ही हाच रस्ता एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने करा, मजा तीच आहे.

मे २००९ मधल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठला निघालो. निघतानाच दाजींचा चेहरा उतरला होता. रात्रभर लोडशेडिंग होतं, प्लँटची गार करणारी यंत्रं बंद पडली होती, त्यामुळे टाकीत भरलेला माल नेहमीइतका थंड नव्हता. टाकीच्या मागच्या पेटीत दाब दाखवणारा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यातच होता, पण पार टोकाशी. "चालतंय," दाजी म्हणाले, "फकस्त उन्हात थांबायचं न्हाय." आक्कानं दिलेला डबा मी मांडीवर घेतला. चार भाकऱ्या, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा खर्डा.

कागलला चहा घेतला, तीन रुपयांचा आणि कडक. तिथून कर्नाटकची हद्द ओलांडली की रस्ता रुंद आणि गुळगुळीत होतो, पाट्या कानडी होतात आणि निपाणीच्या आसपास हवेला तंबाखूचा वास लागतो. टँकरची केबिन उंच असते, त्यामुळे एरवी न दिसणारं सगळं दिसतं. कुंपणापलीकडची नांगरलेली काळी रानं, विहिरीवर पोहणारी पोरं, कौलावर वाळत घातलेल्या मिरच्या. बावीस वर्षं मी याच भागात मोटारसायकलवरून फिरलोय आणि मला माझाच मुलूख नवा वाटत होता. दाजी साठच्या वर काटा जाऊ देत नव्हते. मागून हॉर्न मारणाऱ्यांना हात दाखवून पुढे सोडायचे आणि पुटपुटायचे, "जावा बाबानो, तुमचं दूध उतू जातंय."

केबिनमध्ये आरशाशेजारी एक जुना कंदील टांगलेला होता. काच काजळीनं काळी, वर धूळ. त्यात तेलही नव्हतं. मला वाटलं देवापुढचा असेल. संकेश्वरला महामार्ग सोडून आत वळलो तेव्हा न राहवून विचारलं.

दाजींचे वडील विहिरी खणायचे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, तो जळत राहिला तर हवा चांगली, विझला तर उतरायचं नाही, अशी सगळ्यांची रीत. गारगोटीकडच्या एका विहिरीचा गाळ काढताना कंदील खाली नीट जळत होता. आत उतरलेला गडी, सखाराम, म्हणाला, डोकं जड झालंय. वरचे म्हणाले, कंदील जळतोय की, चालू दे तुझं. थोड्या वेळानं तो बसला, तो उठलाच नाही.

"कंदील इझायच्या आदी माणूस जातोय, पावणं," दाजी म्हणाले. "ह्योच वायू हुता त्यो. हवेपेक्षा जड, खोलगटात जाऊन बसतोय. वास न्हाय, रंग न्हाय. बाबांनी मरंपतूर कंदील जपला, पन त्येच्यावर पुन्यांदा भरवसा ठेवला न्हाय. म्हणून मी टांगलाय. बगितला की ध्यानात ऱ्हातंय, आदी माणूस वर काढायचा, मग बाकीचं."

आक्काला हा कंदील अपशकुनी वाटायचा, हे मला ठाऊक होतं. तो का टांगलाय हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

संकेश्वरच्या स्टँडजवळ उप्पीट आणि शिरा खाल्ला, दोघांचे चहासकट तीस रुपये. हॉटेलचं अंगण रस्त्याच्या खालच्या अंगाला आणि छान सावलीत होतं, पण दाजींनी गाडी तिथं न नेता अर्धा फर्लांग पुढं चढावर, मोकळ्या जागी लावली आणि आम्ही चालत मागे आलो. "खोलगटात गाडी लावायची न्हाय," एवढंच बोलले. हॉटेलवाल्यानं टँकरकडे बोट करून विचारलं, "दूध कुठल्या डेअरीचं वो?" मी सांगितलं दूध नाही. त्यानं मी खोटं बोलतोय अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. गडहिंग्लजला शेंगा घेताना पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. दुधाच्या जिल्ह्यात पांढरी टाकी घेऊन फिरलं की दुसरं काय होणार. मी दोन्हीकडे मास्तरकी करून वायूची सगळी माहिती दिली. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

गडहिंग्लजहून आजऱ्याकडे निघालो आणि पाचसहा किलोमीटरवर रस्ता अडला. एका कोरड्या ओढ्यावर मोरीचं काम चालू होतं. आडवं लाकूड टाकलेलं, बाजूच्या रानातून कच्चा वळणरस्ता काढलेला. आमची गाडी उतारावर उभी राहिली, समोर खाली ओढा. कामाची पाचसहा माणसं मोरीच्या सावलीला, ओढ्याच्या तळाशी जेवायला बसली होती. दाजींनी उतरल्याबरोबर त्यांच्या मुकादमाला सांगितलं, "मुकादम, गॅसची गाडी हाय. जेवान घिऊन वर लिंबाखाली बसा की." माणसं कुरकुरत वर गेली.

मग वळणरस्ता एवढं ओझं पेलेल का, हे बघायला दाजी पलीकडे चालत निघाले. जाताना मला बजावलं, "काट्यावर ध्यान ठेव. वरची झडप फुसफुसली तर भिऊ नगंस, ती तिचं काम करतीया, जास्तीचा दाब सोडतीया. मला हाळी मार फकस्त. आन् वारं येतंय त्या अंगाला उभा ऱ्हा."

बाराचं ऊन, आणि वारा पडलेला. काटा हिरव्यातून बाहेर सरकला आणि दहाएक मिनिटांत वरून आवाज आला. आधी बारीक, मग चांगला जोरात. टाकीच्या माथ्यावरून पांढरी वाफ निघाली, खाली घरंगळली आणि उतारानं ओढ्याकडे निघाली. मी दाजींना हाक मारायला तोंड उघडलं. ते लांब होते, पाठमोरे, वाकून माती चाचपत होते. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला कशाला, आपण काय कालचे आहोत का.

तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून एक म्हातारी आली. गंगव्वा तिचं नाव. मराठी आणि कानडी एकाच घोटात बोलत होती. "तम्मा, ऊन लई हाय. दूध नासंल की तुजं."

"दूध न्हाय हे, अव्वा. सोड्यातला वायू हाय."

"काय का असंना. उन्हात समदंच नासतंय. गोणपाट देऊ काय भिजवून?"

वाचकहो, बावीस वर्षं मी हेच केलंय. दुधाची गाडी उन्हात अडली की कॅनवर ओलं गोणपाट टाकायचं. हे डोक्याला विचारायला लागत नाही, हातच करतात. दोन गावांत दूध नाही म्हणून सांगत आलेला मी, गंगव्वानं म्हशीच्या हौदात बुडवून दिलेली चार गोणपाटं खांद्यावर टाकून शिडीनं टाकीवर चढलो. माथ्यावर पितळेच्या दोन झडपा होत्या, त्यातल्या एकीतून वाफ निघत होती. जिथून निघते तिथंच तापलं असणार, म्हणून मी दोन्हींवर गोणपाट दुहेरी करून चेपून बसवलं. अंगठा वाफेत गेला तो विंचू चावल्यासारखा झोंबला. पण हळूहळू आवाज कमी झाला आणि थांबला.

मला इतकं बरं वाटलं. खाली उतरून गंगव्वाला म्हणालो, "बघा, झालं गार. बंद झाला आवाज." तिनं मान डोलवली. आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून आमचं काम बघत उभे राहिलो.

दाजी वळले ते आवाज थांबला म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. लांबून त्यांना फुसफुस ऐकू येत होती, गाडी तिचं काम करतेय म्हणून ते निश्चिंत होते. ती एकदम बंद झाल्यावर त्यांनी मागे बघितलं, टाकीवर गोणपाटं बघितली, आणि ओढा बघितला. ओढ्यात ती माणसं परत येऊन बसली होती. लिंबाची सावली विरळ होती, आणि वरून घरंगळत आलेली पांढरी वाफ थंडगार. मेच्या उन्हात कुणाला नको वाटेल. एक जण तर पाय पसरून आडवा झाला होता.

पंचावन्न वर्षांचा माणूस असा पळताना मी बघितला नव्हता. मला वाटलं ते माझ्याकडे, टाकीकडे येतायत. ते टाकीकडे आलेच नाहीत. ओढ्याच्या काठावर उभे राहून ओरडले, "वर या. सगळी वर. आत्ताच्या आत्ता."

मुकादम बसल्या जागेवरून म्हणाला, "काय न्हाय वो. बिडी जळतीया की माजी. हवा चांगली हाय, उलट गार हाय."

"बिडी जळंना का," दाजी म्हणाले. "तू वर ये."

त्यांचा आवाज असा होता की माणसं उठली. आडवा झालेला उठला आणि परत बसला. डोकं गरगरतंय म्हणाला. दाजी स्वतः खाली उतरले नाहीत, काठावरूनच दोघांना त्याच्या काखेत हात घालायला लावून त्याला ओढून वर घेतला. सगळ्यांना ओढ्यापासून लांब, उंच बांधावर नेऊन बसवलं. माणसं मोजली, मुकादमाकडून पुन्हा मोजून घेतली. गंगव्वाला म्हशी सोडायला लावून तिलाही वर धाडलं, आणि मलाही. हे सगळं झाल्यावरच ते गाडीकडे वळले.

मग त्यांनी हातमोजे घातले आणि दाब उतरवायला मागच्या पेटीतली हातानं फिरवायची झडप थोडी उघडली. केवढा तो आवाज. गाडीच्या मागे पांढरा ढग उभा राहिला आणि ओढ्यात उतरून तळाशी साचला. जिथं माणसं भाकरी खात बसली होती तिथं पाच मिनिटांत काही दिसेना. मी बांधावर बसलो ते बसलोच.

काटा हिरव्यात आल्यावर दाजी वर चढले. गोणपाटं लाकडाच्या फळीसारखी कडक झाली होती. झडपेतून निघणारा वायू इतका गार असतो की ओल्या गोणपाटाचा तिथल्या तिथं बर्फ होतो, आणि त्या बर्फानं दोन्ही झडपांची तोंडं बुजली होती. जास्तीचा दाब बाहेर जायचे ते दोन रस्ते मी माझ्या हातांनी बंद करून, त्यावर खूश होऊन उभा होतो. दाजींनी बाजूला उभं राहून त्यावर सावकाश साधं पाणी ओतलं, बर्फ सुटू दिला, गोणपाटं काढली, दोन्ही झडपा मोकळ्या झाल्याची खात्री केली. वारा सुटून ओढा स्वच्छ झाल्यावरही त्यांनी तासभर कुणाला खाली जाऊ दिलं नाही. गरगरणाऱ्या माणसाला तोवर बरं वाटलं, त्यानं आमच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि खर्ड्याची तक्रार केली. तरी त्याला डॉक्टरला दाखवायला दाजींनी मुकादमाबरोबर गडहिंग्लजला धाडलंच.

वळणरस्ता ओलांडल्यावर मीच म्हणालो, "दाजी, टाकी फुटली असती का?"

"लगेच न्हाय. टाकीला येळ लागतोय," ते म्हणाले. "माणसाला लागत न्हाय." मग गिअर बदलता बदलता, "हाळी मार म्हटलंतं की रं तुला."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजऱ्यापासून रस्ता चढतो आणि झाडी दाट होते. आंबोलीला पोचलो तेव्हा चार वाजले होते, हवा एकदम गार आणि काट्याचीही घाई संपलेली. पावसाळ्यातल्या आंबोलीचं सगळे कौतुक करतात, पण मे महिन्यात जाऊन बघा. गर्दी नाही, करवंदं आणि जांभळं पिकलेली. रस्त्याकडेच्या बायका पानाच्या द्रोणातून करवंदं विकतात, पाच रुपयांना एक, आणि भाव केलात तर हसतात. दाजींनी दोन द्रोण घेतले, एक माझ्या हातात ठेवला. तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

घाट उतरताना दाजींनी गाडी खालच्या गिअरला टाकली आणि ब्रेकला जवळजवळ हात लावला नाही, म्हणजे पाय. टाकी पूर्ण भरलेली असली की बरी, अर्धी असली की आतलं पातळ वळणावर मागून ढकलतं, हे मला तिथं कळलं. एका बाजूला दरी, खाली धूसर कोकण, आणि वळणावळणाला मागच्या गाड्यांना वाट देत शांतपणे उतरणारे दाजी. या माणसाला शाळेच्या बसमध्ये बसवायचं की नाही हे मी ठरवणार होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

सावंतवाडी मागे टाकून साडेसहाला कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो. तिथं उभी पांढरी टाकी आहे, दोन मजले उंच. त्यातून वेल्डिंगसाठी, आग विझवायच्या नळकांड्यांसाठी, सोड्यासाठी सिलिंडर भरतात. दोन नळ्या जोडल्या, एकीतून पातळ माल टाकीत जातो, दुसरीतून टाकीतली वाफ टँकरमध्ये परत येते, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा राहतो. नळ्यांवर पांढरं दव धरलं. माल उतरेपर्यंत दाजी तिथून हलले नाहीत, चहासुद्धा उभ्यानं घेतला. झालेला प्रकार त्यांनी तिथल्या साहेबांना सांगितला आणि वहीत लिहायला लावला, प्लँटलाही फोन करून कळवला. गोणपाट कुणी टाकलं, यावर ते म्हणाले, "माज्या जोडीदारानं. सांगण्यात माजं कमी पडलं."

साहेब मालवणी, बोलका माणूस. त्यानं सांगितलं की परदेशात कारखान्यांच्या धुराड्यांतून हाच वायू पकडून, नळांनी नेऊन, जमिनीच्या पोटात खोल कायमचा गाडून ठेवायला लागले आहेत, हवा तापू नये म्हणून. "आमचो काय, आज टाकीत, उद्या सोड्यातसून परत हवेत," तो हसून म्हणाला. दाजींनी ते मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "पुरायचा असला तरी तितवर न्ह्यायला कोनतरी लागनारच की."

रात्री मुक्काम कुडाळलाच केला. लॉजची खोली दोघांना दोनशे, बांगड्याची थाळी चाळीस, सोलकढी हवी तेवढी. मी पाच वाट्या प्यालो. अंगठ्याला फोड आला होता, तो सोडला तर दिवस गोड झाला म्हणायचा.

परतीला दाजींनी सावंतवाडीत गाडी थांबवली आणि मला काजू घ्यायला लावले. गंगव्वाची गोणपाटं रिकामी कशी परत द्यायची. तिच्या गोठ्यापाशी थांबलो तर ती बाहेर येऊन आधी टाकीकडेच बघायला लागली. "पोचलं काय रं दूध?"

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "पोचलं, अव्वा. नासलं न्हाय." तिनं काजूची पुडी कमरेला खोचली आणि आम्हाला ताक पाजलं. मुकादमानं बांधावरून हात केला. माणसं लिंबाखाली बसली होती, आणि कालच्या त्या गड्यालाही डॉक्टरनं चांगला म्हणून सोडलं होतं.

निपाणी सुटल्यावर मी मनात जुळवाजुळव सुरू केली. आक्काला काय सांगायचं. धोका होता का, तर होता, डोळ्यांनी बघितला. पण तो मीच ओढवून आणला होता. खरं सांगितलं तर माझ्या चुकीपायी दाजींची गाडी जाणार, आणि लपवलं तर जिनं विश्वासानं धाडलं तिला फसवणार. मी म्हणालो, "दाजी, घरी काय सांगू?"

"बगितलंस ते सांग," ते म्हणाले, आणि बावडा येईपर्यंत आजऱ्याच्या घनसाळ तांदळाबद्दल बोलत राहिले.

आक्का उंबऱ्यातच बसली होती. दाजी हातपाय धुवायला मागे गेले, मला वाटतं मुद्दाम गेले. मी सगळं सांगितलं. लोडशेडिंग, काटा, गोणपाट, झडपा, ओढ्यातली माणसं, बिडी, तो पांढरा ढग. काही गाळलं नाही. अंगठाही दाखवला. कंदील कशासाठी टांगलाय तेही सांगितलं, सखारामासकट. मला वाटलं, संपलं, आता शाळेची बस.

"त्यांनी आदी काय केलं?" तिनं विचारलं.

"कशाच्या आधी?"

"तू टाकीवर गोणपाट टाकून ठेवलंस. टाकी कवा फुटंल काय सांगता येतंय. ते पळत आले म्हंतोस. आल्या आल्या पयलं काय केलं?"

"माणसं वर काढली. टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. सगळी वर आल्यावर, मोजून झाल्यावर मग गाडीला हात लावला."

आक्कानं माझा अंगठा उलटसुलट करून बघितला. मग उठली, रिकामा डबा घेतला आणि आत जाता जाता म्हणाली, "मग चालवू देत टँकर. पर तू त्या गाडीत पुन्यांदा चढायचं न्हाईस."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. शाळेला दुसरा ड्रायव्हर मिळाला. प्लँटनं टँकरच्या शिडीवर मराठीत मोठी पाटी रंगवली, "झडपेवर काहीही टाकू नये", आणि ती कुणामुळे रंगवली हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. दुधाच्या कॅनवर गोणपाट टाकताना माझा हात अजून क्षणभर थांबतो. अंगठ्यावर पांढरा डाग राहिलाय. पण आठवतं जास्त ते दुसरंच. आंबोलीची करवंदं, केबिनमधून दिसणारी काळी रानं, आणि उन्हातून ओढ्याकडे पळणारे दाजी.

परवा सकाळी त्यांची खेप होती. मी रस्त्यावर उभा होतो, हात करायला. गाडी वळताना केबिनमध्ये ऊन गेलं आणि काहीतरी लखकन चमकलं. आरशाशेजारचा कंदील होता. काजळी गेली होती, धूळ गेली होती, काच राखेनं घासून लख्ख केलेली होती. आक्का दारात उभी होती. तिच्या दोन्ही हातांना अजून राख होती.